दोन वेळची धार

ज्या वर्षी गायरानाला काटेरी तार लागली, त्या वर्षी आमच्या म्हशींच्या पाठीची हाडं दिसायला लागली. तोवर आम्ही वैरण अशी कधी विकत घेतली नव्हती. सकाळी जनावरं सोडायची, संध्याकाळी ती टम्म पोटानं आपली आपण परत यायची. समोरून मोटार आली तरी बाजूला व्हायची नाहीत, इतका त्यांचा तोरा. तार लागली आणि तोरा गेला. तारेपाशी जाऊन म्हशी उभ्या राहायच्या, पलीकडच्या गवताकडे बघत. त्यांच्या गळ्याखालची खरचटलेली कातडी मला अजून आठवते. मी तिथे तेल लावायची, तर माझ्याच खांद्यावर मान टाकायच्या.

त्यात यांचा खांदा निखळला. पेंडीचं पोतं गाडीवरून उतरवताना पाय घसरला आणि हात वरच्या वर राहिला. डॉक्टरांनी खांदा बसवला, पण तो काही पूर्वीचा राहिला नाही. धार काढताना हात थरथरायचा. म्हैस मोठी मानी असते. थरथरता हात तिला चालत नाही, दूध चढवून बसते. मग सगळ्या धारा सासूबाईंवर आणि माझ्यावर आल्या. जेवायला बसले की माझी बोटं घास धरायला वाकायची नाहीत. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "नाजूक गं बाई! माहेरी काय फुलं वेचत होतीस?" आणि त्यांचीच बोटं ताटाच्या कडेवर तशीच ताठ पडलेली असायची.

शेवटी निम्म्या म्हशी विकायच्या ठरल्या.

घेणारा लांबच्या गावचा होता. आमच्या धंद्यातली रीत अशी की घेणारा आदल्या दिवशी येतो, विकणाऱ्याच्या गोठ्यात मुक्काम करतो आणि संध्याकाळची नि सकाळची अशी दोन वेळची धार स्वतःच्या हातानं काढतो. मगच दावं हातात घेतो. कारण बाजारात लबाडी चालते. एक वेळची धार काढतच नाहीत, दूध तुंबवतात. कास अशी फुगते की बघणाऱ्याला वाटतं, दुधाचा हंडाच टांगलाय. घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी हंडा रिकामा. एका वेळेला कुणीही फसेल. दोन वेळेला जनावर खोटं बोलू शकत नाही.

त्या माणसानं धारा काढल्या, माप बघितलं, सासूबाईंना हात जोडले आणि म्हशी घेऊन गेला. त्यातली एक बिनशिंगाची, बोडकी म्हैस वळणापर्यंत मागे बघत होती. सासूबाई गोठ्यात जाऊन शेण भरायला लागल्या. भरण्याइतकं शेण तिथं उरलंच नव्हतं.

पैसे आले तसे यांना घाई सुटली. "आई, पुन्हा जनावरं घेणं नको. चारा न खाता दूध देणारी म्हैस घेऊ."

"ती कुठं मिळते?"

"शहरात. तीन गाळ्यांचं घर आहे, बाजाराच्या रस्त्यावर. तिन्ही गाळ्यांत भाडेकरू. दर महिन्याला बसल्या जागी भाडं. दलाल म्हणाला, असं घर पुन्हा निघणार नाही."

"दलाल असंच म्हणणार. पुन्हा निघेल, सावकाश या, असं म्हणणारा दलाल तू बघितलास का?"

पण घर बघायला आम्ही तिघं गेलो. भर दुपारची वेळ, दलालानंच ठरवून दिलेली. दलाल बारीक अंगाचा, कपाळावर तेल ओघळलेला माणूस. आमच्या जवळ आला की रुमाल नाकाला लावायचा. अंगाला गोठ्याचा वास येतो हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी दोनदा अंघोळ केली होती. मी पदर आवळून घेतला आणि उगाच दोन पावलं मागे राहिले.

घरमालक मात्र गोड बोलायचा. इतका गोड, की सासूबाईंनी जागच्या जागी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं. "या, या मावशी! आपलंच घर समजा." आणि बसायला दिलं पायरीवर. खुर्च्या आत तीन रिकाम्या होत्या.

घर खरंच चांगलं होतं. दगडी जोतं, जाड भिंती. पुढे तीन गाळे. पहिल्यात शिंपी मशीन चालवत होता. दुसऱ्यात वाणसामानाचं दुकान, फळीवर डबेच डबे. तिसऱ्यात सायकलदुरुस्ती, दारात टायरांच्या माळा, आणि दोन माणसं एका चाकाभोवती वाकलेली. जिथं तिथं गिऱ्हाईक. मागच्या बाजूला एका खोलीला कुलूप होतं.

"ही?" सासूबाईंनी विचारलं.

"अडगळीची खोली मावशी. मोडकं सामान."

यांचे डोळे चमकत होते. पिशवीत हात गेलेला मी बघितला. इसाराचे पैसे आणले होते, आम्हाला न सांगता.

दलाल म्हणाला, "आज इसार दिलात तर घर तुमचं. उद्याचं मी सांगू शकत नाही. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"मग त्याला आत घ्या की," सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या उन्हात का उभं करता?"

साखरतोंड्या हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी यांचा हात मनगटाला धरला, दुखऱ्या बाजूचाच, आणि पिशवीतून बाहेर काढला. "आमच्यात दोन वेळची धार काढल्याशिवाय दावं धरत नाहीत."

"मावशी, घराला काय कास असते?"

"असते. भाडं म्हणतात तिला. ही माझी सून इथं बसेल, सकाळी आणि संध्याकाळी. दूध विकेल. तुमचं काही खाणार नाही."

दलाल मालकाच्या कानाला लागला. मला ऐकू आलं, कारण तो मला जमेतच धरत नव्हता. "बसू द्या. दोन दिवसांत कंटाळेल."

परतीच्या गाडीत हे आमच्याकडे पाठ करून बसले. घरी आल्यावर म्हणाले, "चारचौघांत माझा हात धरलास. मी काय पोर आहे?"

"पोर असतास तर कान धरला असता," सासूबाई म्हणाल्या आणि म्हशीखाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी दुधाचं कॅन घेऊन त्या पायरीवर हजर झाले. पहिल्या गाडीनं यायचं, दूध विकायचं, दुपारी घरी जाऊन वैरणपाणी करायचं आणि संध्याकाळचं दूध घेऊन पुन्हा यायचं. कॅनच्या कडीनं तळहाताला घट्टे पडले. पहिल्या दिवशी लाजेनं माझ्या तोंडून "दूध" हा शब्दसुद्धा फुटेना. गावात आमच्या दाराशी लोक भांडी घेऊन यायचे, मी कधी रस्त्यावर बसले नव्हते. एक बाई मला ओलांडून गेली, पुन्हा मागे आली आणि म्हणाली, "मुकी आहेस का गं? कॅनमध्ये काय आहे ते तरी सांग." मग मी ओरडले. पहिला आवाज इतका मोठा निघाला की शिंप्यानं गाळ्यातून डोकं बाहेर काढलं.

शिंपी वेळेवर यायचा. त्याचं मशीन खरं होतं. मी त्याला काका म्हणायला लागले.

सायकलीचा गाळा मात्र उघडेना. मी म्हटलं, आज सुट्टी असेल. संध्याकाळीही बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. दारातल्या टायरांच्या माळा कुठे गेल्या कोण जाणे. शटरच्या खालच्या पट्टीवर कोळ्यानं जाळं धरलं होतं.

"काका, हे सायकलवाले आजारी आहेत का?"

शिंप्यानं तोंडातली सुई काढली. "कोण सायकलवाले?"

"त्या दिवशी होते की. चाक काढत होते."

"ते होय! त्या दिवशी मलाही नवल वाटलं. त्यातला एक तर मालकाचा गडी. सायकल दुरुस्त करणं सोड, त्याला ती चालवतासुद्धा येत नाही."

वाणसामानवाला ऊन वर चढल्यावर यायचा आणि दारात खुर्ची टाकून पेंगायचा. मी मीठ मागितलं. संपलंय म्हणाला. काडेपेटी मागितली, उद्या या म्हणाला. मग मी वरच्या फळीवरचा तेलाचा डबा मागितला. त्यानं "विकायचा नाही" म्हणत तो बाजूला सरकवला, नुसत्या दोन बोटांनी. मी लहानपणापासून भरलेली भांडी उचलत आले. भरलेल्या डब्याला माणसाचा खांदा वाकतो, मान ताठते. याची बोटंसुद्धा ताठली नाहीत. फळीवरचे सगळे डबे रिकामे होते. नंतर कळलं, तो मालकाचा मेहुणा, घरी बसून कंटाळतो म्हणून इथे आणून बसवलेला.

म्हणजे तीनपैकी भाडं येत होतं एकाच गाळ्याचं. बाकीची कास तुंबवलेली होती.

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण एव्हाना ती जागा माझ्या मनात भरली होती. जवळच दवाखाना होता, शाळा होती. गाडीतून उतरलेली माणसं त्याच पायरीवरून पुढे जायची. पहिल्या दिवशी निम्मं दूध परत नेलं होतं. पुढे पुढे सूर्य अंगावर यायच्या आत कॅन रिकामं व्हायला लागलं, आणि लोक विचारायचे, "उद्या आहेस ना? दही नाही का गं आणत?"

असंच एका संध्याकाळी मागच्या बोळातून एक बाई आली. हातात पितळी लोटी, केस पांढरे, चालताना एक पाय ओढत होती. लोटी पुढे करून म्हणाली, "पावशेर घाल. माझ्यापुरतं."

"कुठं राहता आक्का?"

"इथंच, मागच्या खोलीत."

"मागे तर अडगळीची खोली आहे."

"हो," ती म्हणाली, "तीच मी अडगळ."

आणि हसली. मला हसू येईना. ती साखरतोंड्याची थोरली बहीण. वडिलांनी घर दोघांच्या नावानं ठेवलेलं. आम्ही घर बघायला गेलो त्या दिवशी भावानं तिला दवाखान्यात तपासणीला पाठवलं होतं, आणि खोलीला बाहेरून कुलूप घातलं होतं. घर विकतात हे तिनं माझ्याच तोंडून ऐकलं. ती तशीच घराच्या दाराकडे वळली, लोटी कलंडून दूध बोटांवर सांडलं. मी तिला पायरीवर बसवलं.

"तू घेणार का घर?" तिनं विचारलं.

"माझी सासू ठरवेल."

"मग मला बाहेर काढशील?"

मी लोटी पुन्हा भरून दिली.

घरी सगळं सांगितलं. हे उठून आत गेले. मग पिशवी काढून आईपुढे ठेवली. "त्या दिवशी इसार दिला असता तर म्हशीही गेल्या असत्या नि घरही. जाऊ दे. नको आपल्याला ते घर."

"नको कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "म्हैस खोटी नाही, विकणारा खोटा आहे. म्हशीची किंमत आता आपल्याला कळली. त्याला कळवायची राहिली. सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

सासूबाईंनी मला माझं म्हणणं विचारलं, असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मी म्हटलं, "दुधाला गिऱ्हाईक आहे. सायकलीचा गाळा आपण उघडू. दोन गाळे भाड्यानं, एक आपला. आणि आक्का राहतील."

"बघ," सासूबाई यांना म्हणाल्या, "फुलं वेचणारी बोलायला लागली."

आमच्याकडे गावच्या वकीलबाई दूध न्यायच्या. फार शिकलेल्या आणि स्वभावानं त्याहून चांगल्या. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घराचे जुने कागद कचेरीत जाऊन तपासले, आणि आम्हाला लहान मुलांना समजवावं तसं समजावलं. बहिणीची सही नसेल तर तो व्यवहार पाण्यावरची रेघ. शिंप्यानं मालकाला अनामत दिलेली आहे. ती किमतीतून वळती करून घ्या, नाही तर उद्या तो तुमच्या दारात उभा राहील. घराचा कर थकलेला आहे, तो मालकानं भरावा. कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून वर्तमानपत्रात नोटीस देऊ. आणि हे सगळं होईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

"आणि तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक आहे, तर?" यांनी विचारलं.

"तर त्याला सांगा, त्या गिऱ्हाइकाला माझा पत्ता द्या," वकीलबाई म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. यावेळी वेळ आम्ही ठरवली, सकाळची. साखरतोंड्यानं आम्हाला पुन्हा पायरी दाखवली. सासूबाई सरळ आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. दुसऱ्या खुर्चीत वकीलबाई. तिसरी त्यांनी माझ्याकडे सरकवली. हे उभेच राहिले, दाराला टेकून.

"बोला मावशी, झाली का धार काढून?" साखरतोंड्या म्हणाला. दलाल हसला.

"मी नाही बोलणार. जिनं काढली ती बोलेल."

इतके दिवस रस्त्यावर ओरडले होते, आणि खोलीतल्या चार माणसांपुढे आवाज फुटेना. मी म्हटलं, "सायकलीच्या गाळ्याचं शटर उघडता का जरा?"

"भाडेकरू गावाला गेलाय."

"किल्ली तुमच्या कंबरेला आहे."

त्यानं कंबरेला हात लावला. शेवटी उठला. कुलूप निघालं, पण शटर वर जाईना, बंद राहून अडकलं होतं. दलालानं हात लावला, यांनी चांगला खांदा लावला, तेव्हा किंचाळत वर गेलं. आत एक टायर, एक मोडकी खुर्ची आणि जमिनीवर धुळीचा थर. त्यावर उंदरांची पावलं. शेजारच्या गाळ्यातून मेहुणा बघायला आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुमचे डबे उघडून दाखवायला नकोत मेहुणेबुवा, आम्हाला माहीत आहेत." तो आल्या पावली परत गेला. शिंप्याचं मशीन एकदम थांबलं. काका हसण्यासाठी थांबला असावा.

साखरतोंड्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरला. खाली साधा, दमलेला माणूस निघाला. "माझी लाकडाची वखार बुडाली," तो म्हणाला. "लोक दारात येऊन बसतात. काय करू?"

"विका," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही घ्यायलाच आलोय. पण आहे तशी विका. एका गाळ्याचं दूध आणि तीन गाळ्यांची किंमत, असं नको." आणि आकडा सांगितला. दलालानं डोळे मिटले.

"फार कमी होतंय मावशी."

"हाच आकडा खरा आहे. दुसरं गिऱ्हाईक अजून उन्हातच उभं आहे ना? विचारून बघा."

दलालानं मालकाच्या दंडाला हात लावला. "घ्या मालक," तो हळूच म्हणाला, "कुणीच उभं नाही." त्याचा रुमाल खिशातच होता.

तेवढ्यात दारात आक्का आली. मीच निरोप धाडला होता. भावाकडे न बघता ती वकीलबाईंसमोर उभी राहिली. "मी सही करीन. पण माझा वाटा माझ्या हातात. आणि मी जिवंत आहे तोवर खोली माझी."

"आक्का, घरातलं घरात बोलू..." साखरतोंड्या म्हणाला.

"घरातलं घरात बोलायचं तर घरातल्या माणसाच्या खोलीला कुलूप का घातलंस?"

बाहेर कुणीतरी "दूधवाली कुठं गेली?" म्हणून विचारत होतं. वकीलबाईंनी कागद पुढे ओढला. "खोलीचं कलम मी आत्ताच घालते," त्या म्हणाल्या. "तोंडी नको."

नोटिशीची मुदत संपली, कुणाची हरकत आली नाही. कराची पावती आली. शिंप्यानं लिहून दिलं की नवी मालकी त्याला मान्य आहे. मग आम्ही सगळे कचेरीत गेलो. लाकडी बाक, पंख्याची घरघर, शाईचा वास. यांनी नवा सदरा घातला होता आणि चांगल्या हातानं सारखी कॉलर नीट करत होते.

कारकून मान खाली घालून लिहीत होता. "घेणाऱ्याचं नाव?"

हे पुढे झाले. सासूबाईंनी त्यांना मागे सारलं. "तुझं नको."

"मग तुझं?"

"माझं घालून काय, मी उद्या जाईन. हिचं." आणि मला पुढे ढकललं. "उन्हात ही बसली. धार हिनं काढली."

माझ्या डोळ्यांपुढे काही दिसेना. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चारचौघांत यांचा चेहरा पडेल. तो पडला नाही. हे नुसते म्हणाले, "नाव नीट लिहा साहेब. काना-मात्रा चुकवू नका."

कारकुनानं नाव लिहिलं. "व्यवसाय?"

"दूध विकते," मी म्हटलं.

"छे," सासूबाई म्हणाल्या, "लिहा, घरमालकीण."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "आजी, अजून झाल्या नाहीत. सह्या व्हायच्यात."

साखरतोंड्यानं सही केली. आक्कानं सावकाश, एकेक अक्षर काढत केली. तिला कुणी घाई केली नाही. मग मी लेखणी घेतली. बोटं ताठ होती, नेहमीसारखीच. पण अक्षर सरळ आलं.

सासूबाईंनी कागदावर वाकून बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. शाई वाळेपर्यंत त्या थांबल्या. मग कारकुनाच्या टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "हं. आता लिहा."